कोहळ्याची पहिली चीर

दोन हजार सोळा सालची गोष्ट. त्या वर्षी चिखलदऱ्यावरचं धुकं पोळा उलटला तरी उठायचं नाव घेत नव्हतं. दिवसचे दिवस सूर्य दिसायचा नाही. दोरीवरचे कपडे वाळायचे नाहीत, मिठाच्या बरणीत पाणी सुटायचं, चुलीपाशी रचून ठेवलेली लाकडंसुद्धा पेटता पेटता फेस सोडायची.

स्टँडच्या खालच्या उतारावर सत्यभामाबाईंचं घर होतं. पुढे पडवी, मागे पायऱ्यापायऱ्यांनी उतरत गेलेली परसबाग. शालिकराम अचलपूरचं भाजीचं शेत भावाला देऊन इथे वर आले होते, त्यांनीच डोंगर खणून त्या पायऱ्या बांधल्या. ते गेल्याला दोन वर्षं झाली होती. मागे राहिल्या सत्यभामाबाई आणि लेक वर्षाली. वर्षाली फिरायला येणाऱ्यांना घरचं जेवण करून द्यायची, आणि बागेत पिकेल ते पाटीत घालून हॉटेलवाल्यांना विकायची. सत्यभामाबाई काहीच करायच्या नाहीत. नवरा गेल्यापासून त्या पडवीतल्या खाटेवर बसून धुक्याकडे बघत राहायच्या... जणू कोणी यायचं राहिलं आहे.

एक गोष्ट मात्र त्यांनी सोडली नव्हती. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, त्या कोहळ्याचं बी स्वतःच्या हाताने टोचायच्या. लाल भोपळ्याला वऱ्हाडात कोहळं म्हणतात. वेल गोठ्याच्या टिनांवर चढायचा आणि भाद्रपदात खाटेखाली कोहळ्यांची रांग लागायची. रांग लागायची आणि तशीच राहायची. कारण अख्खं कोहळं बाईने चिरायचं नसतं. कोहळं म्हणजे घरचा मोठा लेक. आईने त्याच्यावर सुरी धरली तर लेकाला लागतं, असं म्हणतात. घरच्या पुरुषाने पहिली चीर द्यायची, मग बाईने खुशाल फोडी कराव्या. शालिकराम होते तोवर ते चीर द्यायचे. नंतर शेजारचे खुशालराव यायचे, तेही चारदा बोलावल्यावर.

त्या वर्षी सत्यभामाबाई आपण होऊन म्हणाल्या, की महालक्ष्म्या बसवू. वर्षालीला इतकं बरं वाटलं की तिने मागचापुढचा विचार न करता सगळी तयारी केली. सोळा भाज्या जमवल्या. जेवणाच्या दिवशी सकाळी आंघोळ करून चुलीपाशी बसली, तेव्हा ध्यानात आलं — कोहळं चिरायला कोणी नाही. खुशालराव स्वतःच्या महालक्ष्म्यांसाठी खाली अचलपूरला गेलेले.

तिने एक कोहळं कडेवर घेतलं आणि फाटकाशी जाऊन उभी राहिली. रस्त्याने जाईल त्या पुरुषाला हाक मारायची, एवढंच ठरवलं होतं. पण धुक्यात रस्ताच दिसत नव्हता. बऱ्याच वेळाने स्टँडच्या नळाच्या बाजूने चपलांचा आवाज आला.

"ओ भाऊ..."

चपला थांबल्या. "मले म्हनलं का?"

"दुसरं कोन हाय इथे?"

"दिसून नाई राहिलं ना. असन बी एखादं."

धुक्यातून आधी खाकी पँट आली, मग खांद्यावरचा टॉवेल, मग ओल्या केसांचा एक उंच तरुण. खिशात दात घासायचा ब्रश. मुक्कामी गाडीचा कंडक्टर होता तो, रात्री गाडीत झोपून सकाळी नळावर तोंड धुवायला आलेला. वर्षालीने त्याला अडचण सांगितली. घरात माणूस नाही, कोहळं चिरून पाहिजे, आज महालक्ष्मीचं जेवण आहे. त्याने कोहळ्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे. तिच्या कडेवर कोहळं असं बसलं होतं, की लहान मूलच.

"कोहळ्याचं अर्धं तिकीट लागते का पूर्ण?" त्याने गंभीरपणे विचारलं.

वर्षालीला हसायचं नव्हतं. पण हसू आलं, आणि हसताना कोहळं निसटलं, आणि ते धरायला दोघंही एकदम वाकले. त्याचा हात ओला आणि गार होता. कोहळं वाचलं.

तो पडवीत मांडी घालून बसला. सुरी अर्ध्यात अडकली, कोहळं गरगरलं, त्याने गुडघ्याने दाबून धरलं आणि जोर लावला. कर्रकन आवाज झाला. आतला पिवळाजर्द गर, त्यातल्या ओल्या बिया... सगळ्या राखाडी सकाळीत तेवढा एकच रंग होता. आवाज ऐकून सत्यभामाबाई दारात आल्या. त्या बघतच राहिल्या. नाव काय, गाव कोणतं, ते विचारलं. त्याने सांगितलं, कुलदीप, दर्यापूरकडचा, परतवाडा डेपोत आहे.

"वय काय तुह्यं, बाबू?"

"अठ्ठावीस."

सत्यभामाबाईंनी दाराची चौकट धरली. वर्षालीला कळलं, आई काय मोजते आहे ते. तिच्या आधी या घरात एक मुलगा झाला होता, श्याम. चालायला लागला होता तेव्हा गेला. घरात त्याचं नाव कोणी काढायचं नाही, त्याचा एक फोटोही नव्हता. आज तो असता, तर अठ्ठावीसचा असता.

"ज्यानं चिरलं त्यानं खाल्लं पाह्यजे," सत्यभामाबाई म्हणाल्या. "संध्याकाळी गाडी आनशीन तवा जेवाले ये."

तो आला. सोबत ड्रायव्हर पुंजाजी. पुंजाजी पोटभर जेवले आणि म्हणाले, की तीस वर्षं घाटात गाडी चालवली, पण जेवणासाठी गाडी वेळेवर आणावी असं आजच वाटलं. कुलदीप कमी बोलला. त्याच्या ताटातलं कोहळं संपलं की सत्यभामाबाई पुन्हा वाढायच्या, आणि तो मान खाली घालून खायचा.

मग ते ठरूनच गेलं. मुक्कामी ड्यूटी असली, की संध्याकाळी गाडीचा हॉर्न वळणावर वाजायचा आणि सत्यभामाबाई खाटेवरून उठायच्या. दोन वर्षांत पहिल्यांदा त्यांनी पदर खोचला होता. ज्वारीच्या भाकरी थापायच्या, जवसाची चटणी कुटायच्या, कोहळ्यात खोबरं-खसखस वाटून घालायच्या, गुळाचा खडा टाकायच्या. खाटेखालून एक कोहळं ओढून ठेवायच्या आणि त्याची वाट पाहायच्या. तो चीर द्यायचा. ती चीर दिली, की घर जागं व्हायचं.

वर्षालीही हॉर्नची वाट पाहायची. पण ते ती कोणाला सांगत नव्हती... स्वतःलासुद्धा नाही.

तो रिकाम्या हाताने यायचा नाही. एकदा कंडक्टरच्या चामडी पिशवीतून फडक्याची पुरचुंडी काढली. त्याच्या काकूच्या मळ्यातल्या वांग्यांचं बी. आई तो लहान असतानाच गेली, काकूने वाढवलं, ते त्याने तेव्हाच सांगितलं, वाफ्यात बी टाकता टाकता. काकू चांगली होती, पण तिची स्वतःची चार होती. ताटात काय पडलं ते खायचं, पुन्हा मागायचं नाही, अशी सवय लागून गेली. "इथे मागायच्या आधी वाढते," तो म्हणाला, आणि मातीचा हात पँटला पुसत दुसरीकडे बघू लागला.

दुपारची ड्यूटी असली, की दोन गाड्यांच्या मधल्या वेळात तो बागेत उतरायचा. गवळ्यांकडून शेणखत आणायचं, पावसाने फुटलेल्या पायऱ्यांना दगड लावायचे, वालाच्या वेलांना काठ्या द्यायच्या. वर्षाली त्याला कामं सांगायची आणि चुकला की टोमणे मारायची. तो मुद्दाम चुकायचा की काय, अशी शंका तिला यायची.

आश्विनात स्ट्रॉबेरीची रोपं आली. धुकं थोडं विरळ झालं होतं, पण आभाळ तसंच खाली आलेलं, राखेच्या रंगाचं. दोघं समोरासमोर बसून एकाच वाफ्यात रोपं लावत होते, ती या टोकाकडून, तो त्या टोकाकडून.

"एक सांगू का?" तो म्हणाला. "काकूले, तुमच्या मायले, सांगाचं नाई पन."

"काय?"

"मले कोहळं आवडत नाई."

वर्षालीचा हात थांबला. "मंग इतकं खाता काहून?"

"चिराले बोलावता म्हनून."

ती रोपाच्या मुळाशी माती दाबत राहिली, एकाच रोपाशी, किती तरी वेळ. त्याने पुढचं रोप लावलं. मग त्याच्या पुढचं. वाफा संपत आला, तशी त्याची बोटं तिच्या बोटांजवळ आली आणि तिथेच मातीत राहिली.

"पहिल्या दिवशी मले भाऊ म्हनलं होतं तुमी," तो म्हणाला.

"रस्त्यानं जानाऱ्याले भाऊच म्हनते मानूस."

"आता नाई ना मी रस्त्यानं जात."

"नाई," ती म्हणाली. "आता नाई म्हनत."

तेवढ्यात वरून हाक आली. सत्यभामाबाई पायऱ्यांच्या डोक्यावर उभ्या होत्या, कमरेवर हात ठेवून. इतक्या प्रसन्न, की वर्षालीला त्यांचा तरुणपणचा चेहरा दिसल्यासारखं झालं. दिवाळी जवळ आली, त्या सांगत होत्या. भाऊबीजेला कुलदीपने मुक्कामी ड्यूटी मागून घ्यावी. कोहळ्याची बोंडं करणार आहे. या घरात ओवाळायला कधी कोणी नव्हतं.

"यंदा माह्या वर्षालीले भाऊ भेटला," त्या म्हणाल्या, "आन् मले माहा श्याम."

मातीतली बोटं मागे सरली. कोणाची आधी, ते दोघांनाही सांगता आलं नसतं.

त्या दिवसानंतर वर्षालीच्या जेवणात मीठ कमीजास्त होऊ लागलं. तिला काय हवं, ते तिला कळलं होतं. पण आई पुन्हा जेवू लागली होती, बागेत उतरू लागली होती, झोपेत दचकायची थांबली होती. तो आनंद आईच्या हातून काढून घ्यायचा कसा? आणि नाही काढला, तर निरांजन घेऊन त्याच्यासमोर उभं राहायचं, त्याच्या कपाळाला कुंकू लावायचं, आणि मग जन्मभर त्याला दादा म्हणायचं. एकदा ओवाळलं की ते ओवाळलं. तिथून परत यायला वाट नाही, निदान या डोंगरावर तरी नाही.

नळापाशी तिने त्याला गाठलं. त्या दिवशी येऊ नका, म्हणाली. ड्यूटी बदलून घ्या, आजारी पडा, काहीही करा. कुलदीपने बादलीवरचा नळ बंद केला.

"मी आलो नाई, तर काकूचा श्याम दुसऱ्यांदा जाते," तो म्हणाला. "मले बी माय एकदाच गेली हाय. पुन्हा नाई घालवाची. मी येतो. तू ओवाळलं, तर मी भाऊ. नाई ओवाळलं, तर..." त्याने बादली उचलली. "तू करशील ते."

पहिल्यांदाच तो तिला तू म्हणाला होता. तिला ते उशिरा ध्यानात आलं, तो धुक्यात शिरल्यावर.

भाऊबीजेच्या संध्याकाळी सत्यभामाबाईंनी पाटाभोवती रांगोळी काढली. नवं लुगडं नेसल्या. कढईत तेल चढलं होतं. बोंडांसाठी वेलावरचं शेवटचं आणि सगळ्यात मोठं कोहळं पाटाशेजारी ठेवलं होतं. आधी त्याने चीर द्यायची, मग ओवाळणं, मग जेवण, असं त्यांनी ठरवलं होतं. पुंजाजी दिवाळीसाठी घरी गेले होते, दुसरा ड्रायव्हर स्टँडवरच थांबला होता. कुलदीप इस्त्रीचा सदरा घालून आला. पाटावर बसला. त्याने एकदाही वर्षालीकडे पाहिलं नाही.

वर्षालीच्या हातात ताट होतं. सुपारी, अक्षता, निरांजन. वाऱ्याने वात थरथरत होती आणि भिंतीवर तिघांच्याही सावल्या हलत होत्या.

सत्यभामाबाईंनी सुरी पुढे केली. "घे, लेका."

कुलदीपने हात पुढे केला. आणि वर्षालीने ताट खाली ठेवलं, त्याच्या हाताआधी सुरी घेतली, गुडघ्याखाली कोहळं दाबलं — त्या पहिल्या सकाळी त्याने दाबलं होतं तसं — आणि जोर लावला.

कर्रकन आवाज झाला.

"या घरात चीर द्याले आता मी हाय," ती म्हणाली.  "मोठा लेक समज मले, माय. ह्यायले लेक नको करू. मले हे भाऊ म्हनून नाई पाह्यजे."

सत्यभामाबाई रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या खाली बसल्या. फुटलेल्या कोहळ्याकडे बघत राहिल्या. कढईतलं तेल धुरकटलं, ते उतरवायलाही कोणी उठलं नाही.

"याच्या आधी एकदा म्या चिरलं होतं," त्या म्हणाल्या.

मग त्यांनी जे सांगितलं, ते शालिकरामांनाही कधी सांगितलं नव्हतं. श्याम तेव्हा नुकता पडवीभर धावायला लागला होता. झडीचे दिवस. शालिकराम भाजी घेऊन परतवाड्याला उतरलेले, मागे घाटात दरड पडली आणि ते खालीच अडकले. घरात पीठ संपलं. पोर भुकेने रडत होतं, आणि खाटेखाली कोहळं होतं. कोणाला बोलावणार? त्यांनी चिरलं. आपल्या हाताने. त्याच आठवड्यात श्यामला ताप भरला. रस्ता बंद, खाली न्यायला गाडी नाही.

"म्या सुरी धरली, आन् त्याले लागलं," सत्यभामाबाई म्हणाल्या. "आता तू धरली."

वर्षालीने सुरी खाली ठेवली. आई कोहळ्याला इतकं का जपते, ते तिला आज कळलं. सगळं उलटून गेल्यावर. कुलदीप उठला. पाटावर पाय न देता, रांगोळी न मोडता तिच्या बाहेर आला. सत्यभामाबाईंसमोर उकिडवा बसला.

"काकू, उद्या सकाळी मी गाडी घेऊन खाली जातो. संध्याकाळी गाडी घेऊन वर येतो. तुमी पाहा मले काई लागते का."

 निरांजन आपोआप विझेपर्यंत तिघंही तसेच होते.

सकाळी गाडी सुटली, तेव्हा सत्यभामाबाई फाटकाशी उभ्या होत्या. दिवसभर त्यांनी काही खाल्लं नाही. वर्षालीशी बोलल्या नाहीत. दुपारपासून पुन्हा धुकं दाटलं, त्या ऋतूत येत नाही इतकं. हॉर्नची वेळ झाली. हॉर्न वाजला नाही. थोड्या वेळाने त्यांनी शाल घेतली आणि स्टँडकडे चालू लागल्या. वर्षाली मागोमाग गेली.

स्टँडवर एक दिवा होता, त्याच्याभोवती धुकं फिरत होतं. बाकावर दोघी बसल्या, मध्ये एका माणसाची जागा सोडून. घाटातून एक जीप वर आली. जीपवाल्याने सांगितलं, की खालच्या वळणावर एसटी आडवी उभी आहे, लोक खाली उतरलेत, काय झालं ते ठाऊक नाही. वर्षालीने मोबाईल काढला. घाटात फोन कधी लागत नाही. तरी तिने लावला, पुन्हा लावला.

मधली जागा सत्यभामाबाईंनी सरकून भरून काढली. लेकीचा हात धरला. तो हात बर्फासारखा झाला होता.

"तुहा बी जीव तितकाच हाय का त्याच्यावर?" त्यांनी हळूच विचारलं.

वर्षालीने होकाराची मान हलवली. 

किती वेळ गेला कोणास ठाऊक. मग धुक्यात दोन पिवळे डाग उमटले. ते मोठे होत आले, आणि लाल गाडी कण्हत कण्हत स्टँडवर येऊन उभी राहिली. दार उघडलं. आधी पिशव्या, मग लेकुरवाळ्या बाया, मग एक म्हातारा... सत्यभामाबाई त्या सगळ्यांना सारत दारापाशी गेल्या. शेवटी कुलदीप उतरला, हात ग्रीसने काळे, सदरा घामाने भिजलेला.

त्यांनी त्याचं डोकं चाचपलं. खांदे चाचपले. दोन्ही हात उलटेपालटे करून पाहिले, आंधळ्या माणसाने पाहावं तसे.

"लागलं नाई ना कुठे?"

"नाई काकू. गाडीच्या स्प्रिंगचा पाटा तुटला, तो बांधत बसलो. मले काईच नाई झालं."

"खरं?"

"पाहा ना तुमी."

सत्यभामाबाई गाडीच्या पायरीवर बसल्या. उतरणारे लोक बाजूने जात होते, कोणी वळून पाहत होतं. इतक्या वर्षांत त्या श्यामसाठी अशा रडल्या नव्हत्या.

"मंग माह्या हातानं नव्हतं..." त्या पुन्हा पुन्हा म्हणत होत्या. "माह्या हातानं नाई गेलं माहं लेकरू."

वर्षाली त्यांच्या शेजारी बसली. कुलदीप काळे हात अंगापासून दूर धरून तसाच उभा राहिला.

घराकडे जाताना सत्यभामाबाई मध्ये होत्या. उतारावर त्या थांबल्या, नाक पुसलं, आणि नेहमीच्या रोखठोक आवाजात म्हणाल्या, "भाऊबीज तं झाली. आता या पोराले घरात कोन म्हनून बोलवाचं, ते एकदा ठरवून टाका."

कुलदीप काही बोलणार होता. पण वर्षालीच आधी बोलली.

"माह्यासाठी बोलव, माय."

धुक्यात कोणाचा चेहरा दिसत नव्हता, ते बरंच झालं. घरी जाऊन सत्यभामाबाईंनी कालचं चिरलेलं कोहळं काढलं, बोंडं तळली. कुलदीपने सगळी खाल्ली.

पुढच्या वैशाखात अचलपूरला शालिकरामांच्या भावाकडे लग्न झालं, घरच्याघरी. दर्यापूरच्या काकूने वांग्यांची पाटी आणली. पुंजाजी निवृत्त होऊन बडनेऱ्याला मुलाकडे राहायला गेले. ती रात्र त्यांनी पाहिली नव्हती, तरी कोहळं चिरलं म्हणून गाडीचा पाटा तुटला असं ते अजून सांगतात. खुशालराव बरेच दिवस रुसले होते, की आता चीर द्यायला आपल्याला कोणी बोलवत नाही.

सत्यभामाबाई पुढे सहा पावसाळे जगल्या. कुलदीपला त्या जावईबापू म्हणायच्या, ताट वाढताना पदर सावरायच्या. लेका म्हणून त्यांनी त्याला पुन्हा कधी हाक मारली नाही. जे मिळालं त्यात एक गेलंच होतं, आणि ते तिघांनाही ठाऊक होतं. एसटीचा संप झाला तेव्हा कुलदीप महिनोन् महिने घरी होता, त्या काळात त्यांनी त्याला भाकरी थापायला शिकवली. एकदा सहज म्हणाल्या, की जावईबापूंना कोहळं आवडत नाही, ते पहिल्याच दिवशी कळलं होतं, म्हणून तर मी गूळ घालत होते.

शेवटच्या श्रावणात त्या खाटेवरून उठल्या नाहीत. तापात त्या धुक्याकडे बघत एकदा म्हणाल्या, "श्याम, आला का रे?"

वर्षालीने कुलदीपकडे पाहिलं. तो खाटेपाशी बसला, त्यांचा हात हातात घेतला.

"आलो, माय," तो म्हणाला.

त्या दुसऱ्या दिवशी गेल्या.

आखाजीला आता वर्षाली बी टोचते. वेल अजून गोठ्याच्या टिनांवर चढतो. कुलदीप परतवाड्याहून सुटी काढून महालक्ष्म्यांना घरी असतो. जेवणाच्या सकाळी ती पडवीत बसून कोहळं गुडघ्याखाली घेते, आणि तो समोर बसून विचारतो, अर्धं का पूर्ण? ती उत्तर देत नाही. जोर लावते, कर्रकन आवाज होतो, आणि सुरी तशीच धरून ती एकदा मान वर करून त्याच्याकडे पाहते.

"लागलं नाई ना?"

"नाई," तो म्हणतो.

मग ती फोडी करायला घेते.